रात्रीची लघवी, बारीक धार आणि वाढलेला पीएसए: हे तीन प्रश्न आधी वेगळे करा

तुम्ही बरंच सविस्तर लिहिलंय, ते आधी थोडक्यात मांडतो. वडील ६७ वर्षांचे. रात्री चार-पाच वेळा लघवीला उठतात. धार बारीक झालीय, सुरू व्हायला वेळ लागतो, शेवटी थेंब थेंब होत राहते. सोनोग्राफीत प्रोस्टेट ६२ ग्रॅम, आणि लघवी करून आल्यावर पिशवीत ९० मिली शिल्लक. पीएसए (प्रोस्टेटसाठी करतात ती रक्ताची चाचणी) ७.८. क्रिएटिनिन (किडनीच्या कामाची चाचणी) आणि साखर ठीक. रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपीन बरीच वर्षं चालू आहे, संध्याकाळी घोट्यांवर सूज येते. एका डॉक्टरांनी बायोप्सी, म्हणजे सुईनं तुकडा काढून तपासणं, सांगितली, दुसऱ्यांनी दूरबिणीचं ऑपरेशन, तिसऱ्यांनी गोळी देऊन तीन महिन्यांनी यायला सांगितलं. तुम्हाला तीन गोष्टी हव्या आहेत: या तिघांपैकी ऐकायचं कोणाचं, तुम्ही स्वतः ३८ वर्षांचे आहात तर तुम्ही काही तपासून घ्यायचं का, आणि वडील ऑपरेशनला ठाम नाही म्हणतात पण कारण सांगत नाहीत, त्याचं काय करायचं.

मध्येच जाता जाता तुम्ही असंही लिहिलंय की पीएसएचं रक्त दिलं त्याच आठवड्यात त्यांना उन्हाळी लागली होती आणि दोन दिवस थंडी वाजून ताप होता. तुमच्या अख्ख्या पत्रातलं माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं वाक्य ते आहे. त्याच्याकडे येतोच.

मूत्रविकारांचा सर्जन म्हणून मी सव्वीस वर्षं हेच काम करतोय, आणि तुमच्यासारखी फाइल आठवड्यातून दोन-तीनदा तरी समोर येते. तिन्ही डॉक्टरांचं म्हणणं एकमेकांच्या विरुद्ध वाटतं, कारण तिघांनी तीन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली आहेत. पहिला प्रश्न: लघवीच्या वाटेत अडथळा आहे का आणि तो किती? दुसरा: रात्री उठावं लागतं ते नेमकं कशामुळे? तिसरा: कॅन्सर आहे का? घरात मात्र या तिन्हींचं मिळून एकच वाक्य होतं, "प्रोस्टेट वाढलीय". तिथून पुढे सगळा गोंधळ आणि सगळी भीती सुरू होते.

प्रोस्टेट ही लघवीच्या पिशवीच्या खाली बसलेली ग्रंथी. तरुणपणी साधारण २० ग्रॅमची. लघवीची नळी हिच्या मधून जाते. वयानुसार जी साधी वाढ होते ती नळीला लागून असलेल्या आतल्या भागात होते, म्हणून धार बारीक होते. कॅन्सर बहुतेक वेळा सुरू होतो तो बाहेरच्या, गुदाशयाच्या बाजूच्या भागात. तो नळीपासून लांब असल्यामुळे सुरुवातीला लघवीची काहीच तक्रार नसते. म्हणजे धार बारीक झाली म्हणून कॅन्सरचा संशय वाढत नाही, आणि धार उत्तम आहे म्हणून कॅन्सर नाही असंही म्हणता येत नाही. हे एवढं डोक्यात पक्कं बसलं की पुढचं सगळं सोपं जातं.

आता रात्रीचं बघू, कारण वडिलांना खरा त्रास त्याचाच आहे आणि याच बाबतीत सगळ्यात जास्त चुका होतात. मी स्वतः केलेली एक सांगतो. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत सत्तरीतले एक गृहस्थ आले होते. रात्री पाच वेळा उठायचे, प्रोस्टेट मोठी होती. मी दूरबिणीनं ऑपरेशन केलं, धार झकास सुटली. तीन महिन्यांनी ते आले आणि शांतपणे म्हणाले, "डॉक्टर, धार चांगली आहे, पण उठतो मी पाचच वेळा." तेव्हा कुठे मी त्यांना वही आणि मोजपात्र दिलं. जे काम ऑपरेशनच्या आधी करायला हवं होतं ते मी नंतर केलं. त्यांच्या वहीतलं एक पान मला आजही पाठ आहे. झोपताना २२० मिली. मग १२.५० ला ३५०, २.३० ला ३८०, ४ वाजता ३६०, ५.२० ला ३००, आणि सकाळी उठल्यावर ३१०. रात्रीची बेरीज १७००. चोवीस तासांची एकूण लघवी २६००.

पिशवी दर वेळी पूर्ण भरत होती आणि रिकामी होत होती. तिची काही चूक नव्हती, अडथळ्याचीही नव्हती. किडन्याच रात्री दिवसाच्या जवळपास दुप्पट लघवी तयार करत होत्या. वयस्क माणसात चोवीस तासांतल्या लघवीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त लघवी रात्रीत होत असेल, तर त्या रात्रीच्या उठण्याला प्रोस्टेटचं कितीही मोठं ऑपरेशन फारसं उपयोगी पडत नाही. त्या गृहस्थांच्या पायांवर दिवसभर सूज असायची. उभं राहून, बसून पायांत साठलेलं पाणी आडवं झाल्यावर पुन्हा रक्तात येतं आणि किडनी ते बाहेर टाकते. तुमच्या वडिलांच्या घोट्यांवर संध्याकाळी सूज असते असं तुम्ही लिहिलंत, म्हणून हे सांगतोय.

त्यामुळे पहिलं काम हे करा. एक प्लास्टिकचं मोजपात्र घ्या, मिलीच्या खुणा असलेलं. सलग तीन दिवस, चोवीस तास, प्रत्येक लघवी मोजून वेळ आणि आकडा लिहायचा. झोपायला गेले ती वेळ आणि उठले ती वेळही लिहायची. झोपण्यापूर्वीची लघवी दिवसात धरायची आणि सकाळी उठल्यावरची पहिली लघवी रात्रीत. इथे बहुतेक जण चुकतात, कारण ती लघवी तयार रात्रीच झालेली असते. किती प्यायलं तेही लिहा. पाणी, चहा, कॉफी, औषधांबरोबरचं पाणी, सगळं. वडिलांना हे लाजिरवाणं वाटेल. त्यांना सांगा की या वहीतून मला जे कळतं ते महागड्या मशीनमधूनही कळत नाही.

वहीत दोन चित्रं दिसू शकतात. मघाशी सांगितलं तसे मोठे मोठे आकडे आले, तर दुखणं लघवी तयार होण्यात आहे. मग घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं आहे का ते बघायचं, कारण तसं असेल तर हृदयातून एक संप्रेरक सुटतं आणि रात्री लघवी वाढते. हृदयाची तपासणी करायची. अ‍ॅम्लोडिपीननं घोट्यांवर सूज येते, हे सर्वांना माहीत असलेलं आहे. तुमच्या फिजिशियनना वही दाखवा आणि गोळी बदलता येईल का ते विचारा. स्वतःहून बंद करू नका. संध्याकाळनंतर पाणी कमी, दुपारी तासभर पाय उशीवर उंच ठेवून पडणं, दिवसभर पायात घट्ट वैद्यकीय मोजे, आणि गरज पडली तर लघवी वाढवणारी गोळी मुद्दाम दुपारी, म्हणजे ते पाणी झोपण्याआधीच निघून जातं. यानं पाच वेळांचं दोनवर आलेलं मी कितीदा तरी पाहिलंय. रात्रीची लघवी कमी करणारं डेस्मोप्रेसिन नावाचं औषधही आहे, पण म्हाताऱ्या माणसात त्यानं रक्तातलं सोडियम घसरतं, भ्रम होतो, झटके येऊ शकतात. सोडियम आधी, आणि सुरू केल्यावर काही दिवसांत पुन्हा, तपासल्याशिवाय ते घेऊ नये.

दुसरं चित्र म्हणजे ७०, ९०, ६०, ११० असे छोटे आकडे, दिवसाही आणि रात्रीही. तेव्हा पिशवी एक तर चिडलेली असते किंवा पूर्ण रिकामी होत नसते. मग अडथळ्याचा विचार पुढे येतो. पुष्कळांमध्ये दोन्ही चित्रं मिसळलेली असतात. पण किती मिसळलेली, हे कळलं तर ऑपरेशननंतर काय सुधारेल आणि काय नाही, ते आधीच प्रामाणिकपणे सांगता येतं.

आता अडथळा. यासाठी सात प्रश्नांची एक साधी प्रश्नावली जगभर वापरतात. प्रत्येकाला ० ते ५ गुण, एकूण ३५. सातपर्यंत सौम्य, ८ ते १९ मध्यम, २० आणि त्यापुढे तीव्र. शेवटी आठवा प्रश्न असतो: आत्ता जसं आहे तसंच आयुष्यभर राहिलं तर कसं वाटेल? माझ्या दृष्टीनं उपचार याच प्रश्नावर ठरतात. चोवीस गुण असूनही "चालतंय की" म्हणणारे असतात, आणि अकरा गुणांवर लग्नकार्याला जायचं सोडलेले असतात. प्रश्नावलीनंतर धारेची मशीनवर तपासणी. एका भांड्यात लघवी करायची, मशीन आलेख काढतं. सेकंदाला १५ मिलीच्या वर जास्तीत जास्त वेग असेल तर सहसा ठीक, १० च्या खाली असेल तर अडथळ्याची शक्यता बरीच. पण निदान १५० मिली लघवी झाली तरच त्या आलेखाला अर्थ आहे. रुग्ण घाईत येतो, पन्नास मिली करतो, आलेख सपाट येतो, आणि त्या कागदावर निदान होतं. असा कागद असेल तर तपासणी पुन्हा करून घ्या. आणखी एक. धार कमी असण्याचं कारण कधी कधी पिशवीचा स्नायूच कमजोर झालेला असतो, विशेषतः जुन्या मधुमेहात किंवा मणक्याच्या आजारात. शंका असेल तर पिशवीतला दाब मोजणारी तपासणी करतात. सगळ्यांना ती लागत नाही.

६२ ग्रॅम या आकड्यानं घाबरू नका. आकार आणि त्रास यांचं नातं फार सैल आहे. ३० ग्रॅमची प्रोस्टेट वाट पूर्ण बंद करते आणि १०० ग्रॅमवाले निवांत असतात, असं रोज दिसतं. ९० मिली शिल्लक हेही काळजीचं नाही. शिल्लक ३०० च्या वर आणि वाढत चाललेली असती तर मी वेगळं बोललो असतो.

ऑपरेशन करावंच लागतं ते केव्हा? लघवी पूर्ण तुंबली, बाहेरून नळी (कॅथेटर) घालावी लागली, आणि गोळी देऊन ती काढल्यावर पुन्हा तुंबली. पिशवीत खडे झाले. प्रोस्टेटमुळे वारंवार जंतुसंसर्ग होतोय. प्रोस्टेटमधूनच पुन्हा पुन्हा रक्त जातंय. किंवा मागे दाब जाऊन किडन्या फुगल्या, क्रिएटिनिन वाढलं. यातलं तुमच्या वडिलांना आज काहीच नाही. एकदा ताप-उन्हाळी झालीय, ती पुन्हा होते का यावर लक्ष ठेवायचं. बाकी ऑपरेशन हा निवडीचा भाग आहे: गोळ्यांनी पुरेसं बरं वाटलं नाही, किंवा गोळ्या नको असल्या, तर.

गोळ्या दोन प्रकारच्या. टॅमसुलोसिनसारखी गोळी प्रोस्टेट आणि पिशवीच्या तोंडाशी असलेले स्नायू सैल करते, काही दिवसांतच फरक जाणवतो. प्रोस्टेट लहान करत नाही. उठताना चक्कर येऊ शकते, म्हणून रात्री बाथरूमला जाताना आधी पलंगावर अर्धा मिनिट बसायचं. रक्तदाबाची गोळी बरोबर असेल तर नक्कीच. वीर्य कमी येणं किंवा अजिबात न येणं हेही होतं, ते धोकादायक नाही, पण आधी सांगितलं नाही तर माणूस हादरतो. वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना ही गोळी चालू आहे हे आठवणीनं सांगा. हिच्यामुळे ऑपरेशनच्या वेळी बाहुलीचा पडदा लुळा पडतो, हे २००५ साली लक्षात आलं. गोळी थांबवली तरी परिणाम राहू शकतो, म्हणून सांगणं महत्त्वाचं.

दुसरा प्रकार फिनास्टेराइड आणि ड्युटास्टेराइडचा. या गोळ्या प्रोस्टेट हळूहळू लहान करतात. परिणाम दिसायला तीन ते सहा महिने लागतात, ४० ग्रॅमच्या खालच्या प्रोस्टेटमध्ये फारसा उपयोग नाही, वडिलांच्या आकाराला होतो. लैंगिक इच्छा आणि ताठरता काहींमध्ये कमी होते. आणि एक गोष्ट तुमच्या केसमध्ये फार महत्त्वाची: या गोळीनं सहा महिने ते वर्षभरात पीएसए जवळपास निम्मा होतो. कॅन्सर असला तरी होतो. म्हणून पीएसएचा निकाल लागण्यापूर्वी ही गोळी सुरू करू नये. आधीच सुरू असेल तर आलेला आकडा दुप्पट करून वाचायचा. तिसऱ्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळीचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही. पाकिटावर वाचा, कित्येकदा दोन्ही औषधं एकाच गोळीत असतात.

आता तिसरा प्रश्न, ज्यानं घराची झोप उडवलीय. पीएसए हे प्रोस्टेटच्या पेशींत तयार होणारं प्रथिन. ते वीर्य पातळ करतं. त्यातलं थोडं रक्तात झिरपतं. ग्रंथी मोठी असेल, सुजली असेल, तिच्यावर नुकतंच काही केलेलं असेल, तर जास्त झिरपतं. कॅन्सरमध्येही जास्त झिरपतं. म्हणजे ही चाचणी प्रोस्टेटबद्दल सांगते, कॅन्सरबद्दल थेट सांगत नाही. अमेरिकेत १९८६ साली तिला पहिली मान्यता मिळाली ती कॅन्सरचं निदान आधीच झालेल्या रुग्णांवर लक्ष ठेवण्यासाठी. कॅन्सर शोधण्यासाठी वापरायची मान्यता १९९४ साली आली. मधल्या आणि नंतरच्या काळात आपण सगळ्यांनी ती सरसकट तपासण्यांच्या यादीत घातली, आणि आकडा आला की घाबरायचं, एवढंच उरलं.

आता तुमचं ते उन्हाळी आणि तापाचं वाक्य. लघवीचा जंतुसंसर्ग, त्यातही थंडी-ताप असलेला, म्हणजे पुरुषात बहुतेक वेळा प्रोस्टेटही सुजलेली. अशा वेळी पीएसए दहा-वीसच्याही पुढे जाऊ शकतो आणि खाली यायला आठवडे लागतात. त्या आठवड्यात काढलेल्या रक्ताचा आकडा कॅन्सरबद्दल काहीही सांगत नाही. लघवी तुंबून नळी घातली असेल तेव्हाही तसंच. म्हणून आधी लघवीची साधी तपासणी आणि कल्चर (कोणते जंतू आहेत ते वाढवून बघणं) करा, जंतू उरले असतील तर नेमका उपचार पूर्ण करा, आणि त्यानंतर सहा ते आठ आठवडे थांबून पीएसए पुन्हा करा. त्याच प्रयोगशाळेत करा, कारण दोन प्रयोगशाळांच्या पद्धतीत फरक पडतो. आधीचे दोन दिवस वीर्यपतन आणि सायकल टाळायची. आणि ज्यांना संसर्गाचं कोणतंही लक्षण नाही अशा माणसाला नुसता पीएसए उतरवण्यासाठी अँटिबायोटिकचा महिन्याचा कोर्स द्यायची जी पद्धत पडलीय, ती मला मान्य नाही. त्यानं प्रश्न सुटत नाही, जंतू मात्र औषधाला सरावतात, आणि पुढे बायोप्सी करावी लागली तर तेच जंतू त्रास देतात.

तोवर एक तपासणी करून घ्या, जी तुमच्या पत्रात कुठेच दिसली नाही: गुदद्वारातून बोटानं प्रोस्टेट तपासणं. अर्ध्या मिनिटाचं काम. सोनोग्राफी आहे म्हणून ती टाळली जाते, आणि रुग्णही सुटलो म्हणतो. मूठ घट्ट वळा आणि अंगठ्याच्या बुंध्याशी असलेला मांसल उंचवटा दाबून बघा. साध्या वाढीची प्रोस्टेट बोटाला तशी लागते. आता त्याच मुठीच्या बोटाचं पेर दाबा. तसा कडक भाग किंवा गाठ लागली तर पीएसए दोन असला तरी मी पुढे जातो. आणि पीएसए अकरा असताना सगळी ग्रंथी सारखी मऊ लागली, दाबल्यावर दुखली, तर सूज आहे असं समजून वाट बघतो.

दोन महिन्यांनी पीएसए चारच्या आत आला तर वर्षानं पुन्हा बघायचं. सात-आठच राहिला तर? तेव्हाही थेट सुई नको. मोठ्या प्रोस्टेटमधून जास्त पीएसए झिरपणं साहजिक आहे, म्हणून आकड्याला आकारानं भागतात. ७.८ भागिले ६२ म्हणजे साधारण ०.१३. ०.१५ च्या खाली असेल तर धोका कमी मानतात. त्यानंतर प्रोस्टेटचा एमआरआय, बायोप्सीच्या आधी, नंतर नाही. कारण बायोप्सीनं आत रक्त साकळतं आणि चित्र आठवडेच्या आठवडे गढूळ राहतं. एमआरआयमध्ये १ ते ५ असा गुण देतात. १ किंवा २ आला आणि भागाकार ०.१५ च्या खाली असला, तर बहुतेक वेळा बायोप्सी पुढे ढकलून पीएसएवर लक्ष ठेवता येतं. ४ किंवा ५ आला तर बायोप्सी करायलाच हवी, टाळाटाळ नको. ३ आला तर भागाकार, वय, घरातला इतिहास बघून ठरवायचं. पीएसए ४ ते १० या पट्ट्यात असलेल्या साधारण चारांपैकी एकाच्या बायोप्सीत कॅन्सर निघतो, म्हणजे तिघांच्या निघत नाही. बायोप्सी करायची झालीच तर गुदाशयातून सुई घालण्याऐवजी अंडकोषाच्या मागच्या त्वचेतून करण्याची पद्धत उपलब्ध असेल तिथे करा, जंतुसंसर्गाचा धोका बराच कमी होतो.

आणि कॅन्सर निघाला तरी लगेच सगळं संपत नाही. बायोप्सीच्या अहवालात ग्लीसन गुण असतो, म्हणजे कॅन्सर किती आक्रमक दिसतो त्याचा आकडा. तो ६ असेल तर त्या कॅन्सरला आज बहुतेकदा उपचारच देत नाहीत. ठरावीक काळानं पीएसए, एमआरआय, गरजेप्रमाणे पुन्हा बायोप्सी, अशी कडक नजर ठेवतात. ७ आणि त्यापुढे ऑपरेशन किंवा किरणोपचाराचा विचार होतो. हाडांपर्यंत पसरलेल्या आजारातही पुरुषी हार्मोन रोखून माणूस अनेक वर्षं चांगला राहू शकतो. हा मार्ग चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवला, १९६६ साली त्यासाठी त्यांना नोबेल मिळालं, आणि आजची बरीच नवी औषधं त्याच पायावर उभी आहेत.

या सगळ्या थांबण्यात काही गोष्टींसाठी थांबायचं नाही. लघवीतून न दुखता लाल रक्त गेलं, एकदाच गेलं आणि आपोआप थांबलं, तरी पिशवीची दूरबिणीनं तपासणी हवी. सिगारेट-तंबाखू असेल तर त्याच आठवड्यात. पिशवीचा कॅन्सर असाच येऊन जातो आणि माणूस "उष्णता झाली" म्हणून सोडून देतो. लघवी पूर्ण बंद झाली तर रात्री-अपरात्री जाऊन नळी घालून घ्या. सर्दीच्या काही गोळ्यांनी आणि बद्धकोष्ठानंसुद्धा असं होतं, त्यामुळे वडिलांना सर्दीची गोळी विचारल्याशिवाय देऊ नका. थंडी वाजून ताप आणि लघवी अडतेय, हे दोन्ही एकदम असेल तर ती तातडी आहे. आणि एखाद्या वयस्क माणसाचं अंथरूण रात्री नकळत ओलं व्हायला लागलं, ओटीपोट फुगलेलं आणि दुखत मात्र काहीच नाही, तर पिशवी काठोकाठ भरून वाहतेय. अशी माणसं तक्रार न करता किडन्या गमावून बसतात.

तुमच्याबद्दल. प्रोस्टेटचा कॅन्सर वडिलांना किंवा भावाला असेल तर आपला धोका साधारण दुप्पट होतो. वडिलांचं निदान तसं निघालं तर तुम्ही ४५ व्या वर्षी पीएसएबद्दल डॉक्टरांशी बोला, नाही तर पन्नाशीला. साधी वाढ असेल तर आज काहीच नको. तुमच्या वयाला मला वेगळ्याच गोष्टी सांगायच्या आहेत. वृषणात न दुखणारी कडक गाठ लागली तर आठवडाभरात दाखवा. तो तरुणांचा कॅन्सर आहे आणि वेळेत आला तर बहुतेक पूर्ण बरा होतो. वृषणात अचानक जोराचं दुखणं सुरू झालं तर पीळ पडलेला असू शकतो, साधारण सहा तासांत सोडवला तर वृषण वाचतं. व्यायामशाळेत कोणी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं देत असेल आणि मूल हवं असेल, तर घेऊ नका. बाहेरून हार्मोन आलं की शरीर स्वतःचे शुक्राणू करणं बंद करतं. आणि ताठरतेची तक्रार चाळिशीच्या आसपास नव्यानं सुरू झाली तर गोळी मागण्याआधी हृदय, साखर, चरबी तपासा. शिश्नाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक असतात, म्हणून आधी त्या बोलतात. नायट्रेट (छातीत दुखण्यावरचं औषध) चालू असलेल्या हृदयरुग्णानं तर ती गोळी घ्यायचीच नाही.

राहिला वडिलांचा नकार. ते कारण सांगत नाहीत, पण मी अंदाज बांधू शकतो, कारण हे कारण मला खोलीचं दार बंद झाल्यावरच ऐकायला मिळतं. "यानंतर मी पुरुष म्हणून संपेन का?" ६७ वर्षांचा माणूस हे मुलासमोर विचारणार नाही, बायकोसमोरही नाही. याचं उत्तर असं आहे. साध्या वाढीसाठी दूरबिणीनं करतात ते ऑपरेशन, साधं असो की लेझरचं, ग्रंथीच्या आतला भाग कोरून काढतं, संत्र्याची साल तशीच ठेवून फोडी काढाव्यात तसं. ताठरतेच्या नसा सालीच्या बाहेरून जातात, त्यामुळे ताठरतेवर सहसा फारसा परिणाम होत नाही. वीर्य मात्र बहुतेकांचं बाहेर न येता मागे पिशवीत जातं आणि लघवीबरोबर निघून जातं. त्यानं इजा होत नाही, सुखाची भावना राहते, पण फरक जाणवतो आणि तो आधी सांगायलाच हवा. कॅन्सरसाठी संपूर्ण प्रोस्टेट काढतात ते ऑपरेशन वेगळं; तिथे त्या नसांना खरोखर धोका असतो, आणि लघवीवर ताबा यायलाही वेळ लागतो. कोणाच्या तरी ओळखीतल्याचं हे दुसरं ऑपरेशन झालेलं असतं, त्याची हकिगत वडिलांच्या कानावर आलेली असते, आणि दोन्ही ऑपरेशनं त्यांच्या मनात एकच झालेली असतात. सालीचं उदाहरण दिलंच आहे तर त्याला जोडून हेही लक्षात ठेवा: साल मागे राहते, आणि कॅन्सर सुरू होतो तो मुख्यतः तिथे. म्हणून वाढीचं ऑपरेशन झालं तरी पीएसए तपासणं संपत नाही.

पुढच्या भेटीला वही, मोजपात्रातले तीन दिवसांचे आकडे, चालू गोळ्यांची पाकिटं आणि जुने पीएसए असतील तर ते सगळे अहवाल घेऊन जा. डॉक्टरांशी तुमचं बोलणं आधी उरका. मग वही वडिलांच्या हातात द्या, "मी जरा औषधांचं बघून येतो" म्हणा, आणि दहा मिनिटं बाहेर बसा.